‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ का होतं? पानावर मोडणाऱ्या मराठी अक्षरांचं समस्या निवारण

गणपती उठले की आमच्या नारायण पेठेतल्या खोलीत दिवाळी अंकांच्या फायली यायला लागतात. कुणी वर्डमध्ये टाइप केलेलं असतं, कुणी फोनवर बोलून उतरवलेलं, कुणी वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधली जुनी कथा शोधून पाठवलेली. लेखकाच्या पडद्यावर सगळं नीट दिसत असतं, आणि पानात घेतलं की अक्षरं मोडतात. हीच दुखणी मी वर्षानुवर्षं काढत आले आहे. ती फार नाहीत, पण वरून एकसारखी दिसतात, म्हणून औषध भलत्याच जागी लागतं. बहुतेक जण पहिल्यांदा फॉन्ट बदलतात. फॉन्ट दोषी निघतो तो क्वचित. दोष असतो तो मजकूर आत कसा साठवलाय यात, नाहीतर मांडणीच्या प्रोग्रॅमला तो वाचायला कसा सांगितलाय यात.

आधी लक्षण ओळखा

सगळ्या मजकुरात पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येतेय, जोडाक्षरं सुटी पडून पाय मोडलेले दिसतायत, रफार अक्षरावर न चढता बाजूला उभा आहे: हे एक लक्षण. बाकी सगळं ठीक, फक्त ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय: हे अगदी वेगळं. मधेच ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येतं आणि त्याला मात्रा किंवा चंद्र लटकलेला असतो. कुठे ‘ॲ’च्या किंवा रुपयाच्या चिन्हाच्या जागी नुसता चौकोन. कधी ल आणि श हिंदी वळणाचे येतात. कधी मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणांची खिचडी दिसते. पीडीएफ डोळ्यांना छान, पण त्यातून मजकूर उचलला की ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे पानावर काहीही चुकलेलं दिसत नाही, पण शब्द शोधला तर सापडत नाही आणि सूचीत एकच नाव दोनदा येतं.

कुठलंही औषध करण्याआधी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा. पुढचे काही उपाय हजारो ठिकाणी एकदम बदल करतात आणि ते परत फिरवता येत नाहीत.

पहिली तपासणी: मजकूर युनिकोड आहे का?

दहा सेकंदांचं आणि फुकटचं काम आहे. एक परिच्छेद उचला आणि नोटपॅडमध्ये टाका. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे.

त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे कोणत्या जागेवर कोणतं अक्षर हे फॉन्टचं नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून लेखकाला पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे फॉन्ट कोणता आहे?’ हाच विचारायचा. नाव कळलं की त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर शोधता येतो.

कन्व्हर्टरवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होत: वेलांटी आधी, मग अक्षर, रफार शेवटी. युनिकोडमध्ये ती उच्चारतो त्या क्रमाने साठवली जातात: आधी अक्षर, मग वेलांटी, रफाराचा र तर ज्या अक्षरावर तो बसतो त्याच्याही आधी. ही उलटापालट करताना कन्व्हर्टर अडखळतो. रूपांतर झालं की मी लगेच दोन गोष्टी शोधते. एक, ‘र्’ आणि त्याच्यापुढे मोकळी जागा. ‘सवर्’, ‘धमर्’ असे शब्द त्यात पकडले जातात. दोन, अनुस्वारानंतर आलेला काना, म्हणजे ‘मांडणी’ऐवजी ‘मंाडणी’. दोन्ही एकेक करून पाहा, सरसकट बदलू नका.

दुसरी तपासणी: तोच मजकूर दुसरीकडे नीट दिसतो का?

मजकूर युनिकोड आहे, तरी वेलांट्या उलट्या आणि जोडाक्षरं सुटी? तो उचलून ब्राउझरमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये टाका. तिथे नीट दिसला तर मजकूर आणि बहुधा फॉन्टही निर्दोष आहे. अडचण मांडणीच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आहे.

देवनागरीत साठवलेली चिन्हं आणि दिसणारी अक्षरं यांच्यामध्ये एक काम असतं. ‘क्षि’ लिहिताना आत क, हलन्त (पाय मोडण्याची खूण), ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं ओळीने पडलेली असतात. त्यांचं एक जोडाक्षर करायचं आणि वेलांटी उचलून पुढे आणायची, हे प्रोग्रॅममधलं अक्षरजुळणीचं यंत्र फॉन्टमधल्या नियमांच्या मदतीने करतं. ते यंत्र बंद असेल तर चार चिन्हं चार ठिकाणी उभी राहतात. मग जगातला सर्वात महागडा फॉन्ट लावला तरी फरक पडत नाही.

इनडिझाइन या पानं मांडण्याच्या प्रोग्रॅममध्ये याचं उत्तर परिच्छेदाच्या कम्पोझरमध्ये, म्हणजे ओळी जुळवणाऱ्या भागात आहे. नेहमीचा अडोबी पॅराग्राफ कम्पोझर भारतीय लिप्या जुळवत नाही, ‘वर्ल्ड-रेडी’ कम्पोझर जुळवतो. पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेनूत तो मिळतो. मजकुरावर हाताने लावून थांबू नका, परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच लावा. ‘मी सेटिंग केलं होतं, पण सातव्या पानावर पुन्हा मोडलं’ ही तक्रार मी दर हंगामात ऐकते. सातव्या पानावरच्या चौकटीला दुसरी स्टाइल असते, ती कधीतरी इंग्रजी कामातून उचललेली असते आणि जुना कम्पोझर सोबत घेऊन आलेली असते. एकही फाईल उघडी नसताना हे सेटिंग केलं तर पुढच्या नव्या फायलींना ते आपोआप लागतं.

इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवायला सांगावं लागतं, मग कम्पोझर बदलता येतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन निवडावं लागायचं. लाटेक, म्हणजे सूचना लिहून पानं मांडण्याची पद्धत, वापरणाऱ्यांनी झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्यावं, फॉन्टच्या सूचनेत लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं स्पष्ट लिहावं, आणि लुआलाटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ हे अक्षरजुळणीचं यंत्र ठेवावं. वर्डमध्ये फॉन्ट निवडूनही मराठीवर लागत नसेल, तर फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी वेगळा रकाना असतो. मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो.

पेजमेकर या मांडणीच्या जुन्या प्रोग्रॅमवर अजून काम करणारे आपल्या पुण्यात आहेत, आणि त्यांचा हात इतका बसलेला आहे की मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. तिथे कुठलंच सेटिंग शोधू नका. युनिकोड मजकूर असेल तर काम दुसऱ्या प्रोग्रॅमात न्यावं लागेल.

तिसरी तपासणी: भाषा मराठी लावली आहे का?

ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर टायपिंग चुकलेलं नाही. युनिकोडमध्ये मराठीचा ल आणि हिंदीचा ल एकच आहे. वळण कोणतं घ्यायचं ते फॉन्ट मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरवतो. मजकूर निवडून भाषा मराठी करा, स्टाइलमध्येही करा. चांगल्या फॉन्टात पाकळीचा ल आणि देठाचा श लगेच येतात. १० नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने हीच दोन वळणं प्रमाण ठरवली आहेत, त्यामुळे सरकारी किंवा शालेय काम असेल तर हे टाळू नका. भाषा लावूनही वळण बदललं नाही तर त्या फॉन्टात ती सोयच नाही.

चौथी तपासणी: तो आडवा र

हे दुखणं खास मराठीचं आहे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांत जो पापणीसारखा आडवा र येतो, तो हिंदीला लागत नाही. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात त्याचा खिळा वेगळा असायचा आणि जुळारी तो उचलून लावायचा. युनिकोडमध्ये र आणि हलन्त यांपुढे व्यंजन आलं की साधा रफार होतो, हा मूळ नियम. आडवा र हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं, आणि सांगायचे मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग: र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह. त्याचा क्रमांक यू+२००डी. दुसरा मार्ग: साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक यू+०९३१, आणि मग हलन्त. दोन्हींतून पानावर अगदी एकच आकार येतो. शिवाय यू+०९३१ हा ऱ कधी कधी फुटून साधा र आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांत साठवलेला असतो. म्हणजे दिसायला एक, साठवणुकीत तीन.

हे तीन प्रकार मला कळले ते एका स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात. विषय सासवड-जेजुरीकडचा, त्यामुळे पानोपानी कऱ्हा नदी. मजकूर तीन जणांनी टाइप केलेला. सूची प्रोग्रॅमने काढली, शेवटचं प्रूफ मुद्रितशोधक काकांकडे गेलं. त्यांनी पेन्सिलीने सूचीत तीन ठिकाणी गोल केले आणि मला बोलावलं. “ताई, कऱ्हा तीनदा आलीय. पानं तिन्हीकडे वेगळी. नदी एकच आहे ना?” मी तिन्ही शब्द भिंगाखाली पाहिले. काडीमात्र फरक नव्हता. मग वर्डमध्ये नेऊन एकेक शब्द मागून खोडत गेले. पहिला ‘कऱ्हा’ चार वेळा बॅकस्पेस दाबल्यावर ‘क’वर आला. दुसऱ्याला पाच वेळा दाबावं लागलं, मधे एक अदृश्य चिन्ह होतं. तिसऱ्यालाही पाच, पण तिथे शेवटी र खाली टिंब उरलं आणि ते वेगळं खोडावं लागलं. तीन माणसं, तीन कीबोर्ड, तीन कऱ्हा.

म्हणून चौथी तपासणी ही: संशयित शब्द मागून खोडत जा आणि मोजा. आणखी खात्री हवी तर वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये चिन्हाच्या लगेच नंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. चिन्हाच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो, पुन्हा दाबलं की चिन्ह परत येतं. इनडिझाइनमध्ये एकच चिन्ह निवडलं तर इन्फो पॅनेलमध्ये क्रमांक दिसतो.

मी सगळा मजकूर यू+०९३१ अधिक हलन्त या प्रकारात आणते. कारण अदृश्य जॉइनर वाटेत गळतो. मजकूर एखाद्या अर्जातून, मेसेजमधून किंवा ‘अनावश्यक चिन्हं काढा’ अशा सफाईतून गेला की तो जातो, आणि तो गेल्याचं कुणाला दिसत नाही. उरतो र आणि हलन्त, म्हणजे साधा रफार, म्हणजे ‘दुसर्या’. ऱ हे दिसणारं अक्षर आहे, ते असं सहज गळत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर तर ते शिफ्ट आणि जे दाबून सरळ येतं.

जॉइनर शाबूत असेल तर बदल सोपा आहे. मजकुरातूनच र, हलन्त आणि जॉइनर एकत्र उचलून शोधण्याच्या चौकटीत टाका, बदलीच्या चौकटीत ऱ आणि हलन्त. आधी नुसतं शोधून पाहा. ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ सापडायला लागले तर तो प्रोग्रॅम अदृश्य चिन्हाकडे दुर्लक्ष करतोय. मग हे काम साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करा.

जॉइनर आधीच गळून गेला असेल तर मात्र यंत्र हात टेकतं. ‘र्य’ दिसला की ‘ऱ्य’ करा, असं कधीही करू नका. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, यात पंगतीचा आणि व्याख्यानाचा फरक आहे. ‘अर्हता’ला रफारच हवा, ‘तऱ्हा’ला नको. मी ‘णार्या’ शोधून ‘णाऱ्या’ करते, कारण ‘करणाऱ्या’, ‘जाणाऱ्या’ अशा शब्दांनी निम्मं काम उरकतं. मग ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘सार्या’, ‘वर्हाड’, ‘बिर्हाड’, ‘कुर्हाड’ एकेक. त्यानंतर उरलेला प्रत्येक ‘र्य’ आणि ‘र्ह’ माणसाने वाचायचा. गावांची नावं आणि आडनावं शेवटी पुन्हा एकदा स्वतंत्र पाहायची. खडकवासल्याजवळच्या गोऱ्ह्याच्या माणसाला आपल्या गावाचं नाव ‘गोर्हे’ छापलेलं दिसलं, तर सॉफ्टवेअरची अडचण सांगून त्याचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

पाचवी तपासणी: ठिपक्यांचं वर्तुळ

हे वर्तुळ दिसलं की वैतागू नका, ते मदत करतंय. मात्रेला, वेलांटीला किंवा अनुस्वाराला टेकायला योग्य अक्षर मिळालं नाही, असा त्याचा अर्थ.

सर्वाधिक वेळा कारण ‘ॲ’ असतं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, क्रमांक यू+०९७२. त्याआधी लोक अ वर चंद्र टाइप करून काम भागवत आणि जुन्या प्रोग्रॅमांत ते दिसायचंही नीट. आताची जुळणीयंत्रं अ अधिक चंद्र ही जोडी मान्य करत नाहीत आणि मधे वर्तुळ घालतात. अ अधिक चंद्र शोधा, एकाच चिन्हाचा ॲ करा. हा बदल सरसकट केला तरी चालतो. त्याच जातीची चूक म्हणजे अ ला काना देऊन आ किंवा अ ला काना-मात्रा देऊन ओ करणं.

दुसरं कारण क्रम. अनुस्वार नेहमी काना, मात्रा, वेलांटीच्या नंतर. उलट झालं की वर्तुळ. तिसरं कारण फक्त मांडणीत भेटतं: अक्षराला एक फॉन्ट आणि त्याच्या मात्रेला दुसरा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं किंवा रंगीत करताना निवड अर्ध्यात तुटते आणि वेलांटी अनाथ होते. पूर्ण अक्षर मात्रेसकट निवडून पुन्हा फॉन्ट लावा.

सहावी तपासणी: दिसतं एक, आत दुसरंच

‘शोधला तर सापडत नाही’ याचं मूळ इथे आहे, आणि हे लोक सगळ्यात उशिरा तपासतात.

‘ो’ हे युनिकोडमध्ये एकच चिन्ह आहे. पण काना टाइप करून त्यावर मात्रा दिली तरी बहुतेक फॉन्टांत हुबेहूब तेच दिसतं. ‘कॉलेज’मधला ॉ तसाच: एक चिन्ह, किंवा काना आणि चंद्र अशी दोन. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टाकलेला असतो. मग काही प्रोग्रॅमांत ओळ संपताना ‘दु:’ वर राहतं आणि ‘ख’ खालच्या ओळीत उतरतो. ‘बँक’मध्ये कुणी चंद्रबिंदू घेतं, कुणी चंद्र आणि वर वेगळा अनुस्वार.

इथे जाणकार माणूस म्हणेल, मजकूर नॉर्मलाइझ करा. युनिकोडमध्ये तशी सोय आहे, एकाच अक्षराचे सममूल्य प्रकार एका रूपात आणण्याची. एनएफसी हे त्यातलं जोडलेलं रूप. मी प्रत्येक मोठ्या कामात ते चालवते, आणि र अधिक नुक्ता याचा ऱ त्यातून आपोआप होतो. तिसऱ्या कऱ्हेचा प्रश्न असाच सुटला. पण त्याच्या मर्यादा कळल्या पाहिजेत. काना अधिक मात्रा आणि ‘ो’ यांना युनिकोड सममूल्य मानत नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ करून ते जुळत नाहीत. जॉइनरवाला आडवा र आणि ऱ वाला आडवा र हेही नाहीत. ते हातानेच बदलावे लागतात. आणि उर्दू शब्दांतला ज़, फ़ यांचं उलटं होतं: त्यांची एका चिन्हाची रूपं एनएफसीमध्येही फुटून अक्षर अधिक नुक्ता अशीच होतात. गझलांच्या पुस्तकात हे पाहून घाबरू नका, ते बरोबर आहे. फक्त सगळीकडे एकच पद्धत असू द्या.

पाय मोडून दाखवायचा असेल, उदाहरणार्थ ‘षट्‌कोन’, तर हलन्तापुढे झिरो विड्थ नॉन-जॉइनर लागतो. तोही अदृश्य आणि तोही गळतो. म्हणून ‘अदृश्य चिन्हं काढून टाका’ अशी सरसकट सफाई मराठी मजकुरावर कुणालाही करू देऊ नका.

सातवी तपासणी: आता फॉन्ट

एवढं झाल्यावरच फॉन्टकडे वळा. मी नव्या फॉन्टला एकच ओळ देते: “कऱ्हाडच्या वऱ्हाडाने दुसऱ्या राष्ट्रातून ॲल्युमिनियम, वाङ्मय आणि ऱ्हस्व कुऱ्हाड ₹ ५०० ला कार्त्स्न्याने घेतली.” अर्थ शोधू नका, अडचणीची अक्षरं शोधा. आडवा र नसेल तर ऱ्या ऐवजी टिंबाचा ऱ आणि सुटा पाय दिसतो. रुपयाचं चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या फॉन्टात तिथे चौकोन येणारच.

ठळक आणि तिरक्या वजनातही तीच ओळ तपासा. साध्या वजनात असलेलं अक्षर ठळकमध्ये नाही, असं होतं. नोटो, मुक्त, टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू यांपैकी एखाद्यात ओळ नीट दिसली आणि तुमच्या फॉन्टात नाही, तर निदान पक्कं झालं.

आठवी: पीडीएफ

पीडीएफमध्ये मुळात आकार असतात. त्या आकारांमागचा मजकूर वेगळ्या नोंदीत असतो आणि ती नोंद देवनागरीत बऱ्याचदा अपुरी पडते. ‘सर्व’चं ‘सवर्’ त्यातूनच येतं, कारण रफाराचा आकार शेवटी काढलेला असतो. छपाईला याने काही बिघडत नाही. पण अशा पीडीएफमधून उचललेला मजकूर नव्या आवृत्तीसाठी वापरू नका. मूळ फाईल मागा, ती मिळाली नाही तर पुन्हा टाइप करून घ्या. दुरुस्त करण्यापेक्षा ते लवकर होतं. ई-पुस्तक किंवा शोधता येणारी प्रत द्यायची असेल, तर पीडीएफ बनवल्यावर दहा शब्द त्यात शोधून बघा, त्यांतला एक रफाराचा आणि एक आडव्या र चा.

कुठे थांबायचं

आडवा र फॉन्टातच नसेल तर फॉन्ट एडिटर उघडून स्वतः बसवू नका. जोडाक्षरांचे नियम एकमेकांत गुंतलेले असतात, एक दुरुस्त करताना दहा मोडतात, आणि परवान्याचाही प्रश्न असतो. ते काम अक्षररचनाकाराचं. जुन्या फॉन्टमधली शेकडो पानं आणायची असतील, आणि पहिल्या सोळा पानांच्या फर्म्यातच प्रत्येक पानावर पाच-सहा चुका निघत असतील, तर थांबा आणि त्या फॉन्टचा कन्व्हर्टर नीट लिहून देणारा माणूस गाठा. वेदांच्या स्वरांचं काम आलं तर सुरुवातीलाच जाणकाराकडे जा. भांडारकर संस्थेच्या या शहरात संस्कृतची कामं येतातच. उदात्त-अनुदात्ताच्या खुणा देवनागरीच्या मुख्य विभागात आहेत, पण बाकीच्या कितीतरी २००९ साली आलेल्या वैदिक विस्तारात आहेत, आणि त्या बसवणारे फॉन्ट मोजके. तिथे स्वर सरकला तर मंत्र चुकतो.

तुमच्या पडद्यावर बरोबर, पीडीएफमध्ये बरोबर, आणि प्लेटवर चूक, असं झालं तर एकही बदल न करता छापखान्याच्या प्रीप्रेसवाल्याला, म्हणजे छपाईआधी प्लेटा तयार करणाऱ्याला, फोन करा. प्लेट निघाल्यावर अक्षरांचे आउटलाइन करून घाईने नवी फाईल पाठवण्याचा मोह होतो. मुखपृष्ठाच्या चार शब्दांना ते चालेल. दोनशे पानांच्या मजकुराला केलंत तर पुढच्या आवृत्तीला तुमच्याकडे मजकूर उरणार नाही, नुसती चित्रं उरतील.

कुणालाही मदतीला बोलावताना नुसता पडद्याचा फोटो पाठवू नका, त्यात आतली चिन्हं दिसत नाहीत. मूळ मजकुराची फाईल, वापरलेल्या फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, प्रोग्रॅमची आवृत्ती, आणि मोडलेले तीन शब्द त्यांच्या क्रमांकांसकट पाठवा. माझ्याकडे असं कुणी पाठवलं तर निम्म्या वेळा उत्तर फोनवरच देता येतं.